आमचीं भुतें आणि आजचे चित्रकार

भूत नाहीं, असें आमचें मत आहे, आणि तें आम्हीं कधीं लपवून ठेविलेलें नाहीं. परंतु भुताचें चित्र मात्र आहे. आणि तें दररोज नवें निघत आहे. चित्रपटांच्या जाहिरातींवर, मुलांच्या पुस्तकांच्या वेष्टनांवर, संगणकावरील खेळांत आणि हातांतल्या मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यावर आमचे मुंजे, समंध आणि वेताळ, आमच्या हडळी आणि जखिणी हल्लीं ज्या दाटीनें वावरत आहेत, तशा दाटीनें तीं भुतें अमावास्येच्या रात्रीं गांवच्या मसणवटींतहि कधीं वावरलीं नसतील. एकच मुंजा एका चित्रकाराच्या हातीं माकडासारखा होतो, दुसऱ्याच्या हातीं झाडाच्या मुळीसारखा, तर तिसऱ्याच्या हातीं नुसती कवटी होऊन बसतो. हें पाहून सुशिक्षित कुटुंबांत दोन तट पडलेले दिसतात. वडील मंडळी म्हणतात, “हें आमचें भूत नव्हे. खऱ्या मुंजाचें रूप ठरलेलें आहे. तें कां बिघडवितां?” तरुण मंडळी म्हणतात, “जें कोणीं पाहिलेंच नाहीं त्याचें रूप ठरविलें कोणीं? कलावंत काढील तें रूप.” आमच्या मतें दोन्ही तट सारखेच चुकलेले आहेत. दोघांचेंहि लक्ष भुताच्या चेहऱ्याकडे आहे. भुताच्या खुणेकडे कोणाचेंच नाहीं. चेहरा बदलावा, हवा तितका बदलावा. परंतु खूण पुसली कीं भूत मरतें, आणि त्या भुतानें जी गोष्ट जतन करून ठेविली होती तीहि त्याच्याबरोबर मरते. येवढेंच आम्हांला या लेखांत सांगावयाचें आहे. मात्र तें थोडें स्पष्टपणें सांगणार आहोंत.

चेहरा आणि खूण यांतील भेद समजून घेण्यासाठीं फार दूर जावयास नको. आमचें खामगांव चांदीच्या कामासाठीं नांवाजलेलें आहे. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठविलेला टाक ज्यांच्या देवघरांत असेल त्यांनीं तो एकवार नीट पाहावा. खंडोबाचा टाक असला तर घोडा असेल, घोड्यावर स्वार असेल, स्वाराच्या हातीं खड्ग असेल; पुष्कळदां सोबत म्हाळसा असेल आणि पायाशीं कुत्रा असेल. आतां शेजारच्या घरांतला टाक त्याच्याजवळ ठेवावा. घोडा ठेंगणा झालेला दिसेल, स्वाराच्या मिशा वाढलेल्या दिसतील. एका कारागिराचा देव रागीट, तर दुसऱ्याचा हंसतमुख निघेल. तरी दोन्ही घरांतील आजीबाई क्षणाचाहि विचार न करितां सांगतील कीं, हा खंडोबा. कारण कारागिरानें नाक-डोळे आपले घातले, घोडा आणि खड्ग मात्र परंपरेचें ठेविलें. कोजागिरी पौर्णिमेपासून आमच्या गांवीं जगदंबेचा जो शांति-उत्सव होतो, त्यांतील मूर्तींकडे या दृष्टीनें पाहणारालाहि हेंच आढळेल. मुखाची घडण मूर्तिकाराची, आयुधें आणि वाहन देवीचें. मूर्तिशास्त्रांत यालाच लक्षण असें म्हणतात. लक्षण पाळणारा कारागीर गुलाम नसतो आणि मुखाची घडण बदलणारा कारागीर पाखंडी नसतो, हें आमच्या साध्या कांसार-सोनारांना कोणीं शिकवावें लागलें नाहीं. तें आजच्या शिकलेल्या चित्रकारांना सांगावें लागतें, हीच नवलाची गोष्ट आहे.

देवांचीं लक्षणें ग्रंथांत सांगितलेलीं आहेत. भुतांचीं लक्षणें गांवानें बहुतेक तोंडींच सांभाळलीं. १९०९ च्या डिसेंबरांत नाशिकास ज्यांचा वध झाला, त्या कलेक्टर जॅक्सन यांनीं गांवोगांवच्या शाळामास्तरांकडून अशी माहिती लिहून मागविली होती, आणि तिचा कोंकणाविषयींचा भाग एन्थोव्हेन यांनीं पुढें १९१५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्या ग्रंथांतील वर्णनें आणि आमच्या वऱ्हाडांतील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचीं वर्णनें ताडून पाहिलीं, तर तपशिलांत फरक पडतो, मूळ गोष्ट फारशी बदलत नाहीं. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंज होण्याच्या आधींच मेलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो. हडळ म्हणजे बाळंतपणांत मेलेली बाई. तिचे केस मोकळे असतात, पावलें उलटीं असतात, आणि ती पुढून देखणी व पाठीमागून हाडांचा सांपळा असते. समंध म्हणजे संतान नसतां अगर धनावरची वासना न सुटतां मेलेला मनुष्य. तो आपल्या ठेव्याची राखण करीत बसतो. गिऱ्हा पाण्याच्या कांठीं असतो, कारण तो बुडून मेलेला असतो. प्रत्येक भुताला एक जागा आहे, एक कारण आहे आणि एक मागणें आहे. त्याच्या अंगावरची खूण ही त्या कारणाचीच खूण होय. मुंजाची शेंडी, लंगोटी आणि जानवें हीं त्याच्या अर्धवट राहिलेल्या आयुष्याचीं चिन्हें आहेत. आणि हडळीची ती पोकळ पाठ? जिच्या पाठीशीं उभें राहावयास कोणी नव्हतें, तिची ती पाठ आहे, असें आम्ही समजतों. वैद्य नाहीं, सुईण अडाणी, पाण्याचा घोटहि बेतानें, अशा अंधाऱ्या खोलींत ज्या बायका गेल्या, त्यांच्याविषयीं घराच्या मनाला लागलेली टोचणी रात्रीं दाराबाहेर येऊन उभी राहिली आणि लोकांनीं तिला हडळ असें नांव दिलें. आमच्या भुतांची यादी ही अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची नोंदवही आहे. तिच्यांतील खुणा खोडणें म्हणजे ती नोंद खोडणें होय.

आतां वडील मंडळींच्या आक्षेपाकडे वळूं. प्रत्येक भुताचें खरें रूप एकच, असें ते म्हणतात. त्यांनीं वेताळाचें उदाहरण घ्यावें. देशावरच्या पुष्कळ गांवांत वेताळ म्हणजे शिवेजवळचा शेंदूर फांसलेला दगड आणि त्याच्याभोंवतीं रिंगणांत मांडलेले लहान दगड. तें त्याचें सैन्य. या वेताळाला नाक नाहीं कीं डोळे नाहींत. गोव्यांत आमोणें, पैंगीण, लोलयें या गांवीं जावें, तों तोच वेताळ बेताळ या नांवानें देवळांत उभा असतो. गोव्यांतील त्याच्या जुन्या पाषाणमूर्ति उंच, नग्न, बरगड्या दिसणाऱ्या आहेत, आणि कित्येकींच्या पोटावर विंचू कोरलेला आहे. अकराव्या शतकांत सोमदेवानें ‘कथासरित्सागरां’त पंचवीस गोष्टींची जी माळ गोंवली, तींत हाच वेताळ झाडाला टांगलेल्या प्रेतांत शिरून राजाला कोडीं घालतो. १९४७ सालीं सुरू झालेल्या ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ति म्हणजे आपला ‘चांदोबा’. त्याच्या पानांवर शंकर या नांवानें चित्रें काढणाऱ्या के. सी. शिवशंकरन् (१९२४–२०२०) यांनीं हातीं तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला जो राजा काढिला, तो आमच्याहि पिढीच्या डोळ्यांपुढून अजून हलत नाहीं.

याहून मौज पुढेंच आहे. ली फॉक या अमेरिकन लेखकानें १९३६ सालीं निर्माण केलेला मुखवटेधारी ‘फँटम’ १९६४ पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून आमच्याकडे आला, तेव्हां देशी भाषांत त्याला वेताळ हेंच नांव मिळालें. अंगाला चिकटलेला पोषाख, डोळ्यांवर पट्टी, कमरेला पिस्तुलें! रूपांत आमच्या वेताळाचें कांहींएक नाहीं. तरी ज्यानें हें नांव सुचविलें त्याला आम्ही शहाणा म्हणतों. वेताळ रात्रीं गस्त घालतो आणि शीव राखतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून कांहीं ठिकाणीं लोक त्याला नव्या वहाणा वाहतात. फँटमहि अरण्य राखतो, आणि तो कधीं मरत नाहीं असा तेथील लोकांचा समज आहे. म्हणजे नांव दिलें गेलें तें रूपावरून नव्हे, कामावरून. मग या वेताळांपैकीं खरा कोणता? आम्ही म्हणतों, जो राखण करितो, रात्रीं जागतो आणि जिवंत माणसाला जाब विचारतो, तो खरा. त्याला नाक असो वा नसो. ‘एकच खरें रूप’ मागणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. लक्ष्मी आणि सरस्वती यांचें जें रूप आज घरोघर अनादि समजलें जातें, तें बव्हंशीं राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस काढलेल्या छापखान्यांतून पसरलें आहे. वडिलांचें प्राचीनत्व पुष्कळदां छापखान्याच्या वयाचें असतें.

हें ऐकून तरुण मंडळी टाळ्या पिटतील. त्यांनीं जरा थांबावें. आमचा मोठा वाद त्यांच्याशींच आहे. ते म्हणतात, कल्पनेला बंधन नको. आम्ही विचारतों, कल्पना आहे कोठें? हल्लींच्या दहा भुतांचीं चित्रें घ्यावीं आणि खालचीं नांवें झांकून टाकावीं. पांढरे फटफटीत डोळे, कानापर्यंत फाटलेलें तोंड, वीतभर नखें, चेहऱ्यावर ओघळलेले ओले केस. ही हडळ कीं जखीण? वऱ्हाडांतली कीं जपानांतली? कोणासहि सांगतां यावयाचें नाहीं. रंग शंभर आहेत, सांचा एकच आहे. आणि तो सांचाहि घरचा नव्हे, परदेशी चित्रपटांच्या कारखान्यांत ओतलेला आहे. ज्याला हे विविधता म्हणतात ती एकाच पुतळ्याला निरनिराळीं लुगडीं नेसविण्यापैकीं आहे. आतां तर शब्द टंकिला कीं चित्र काढून देणारीं यंत्रें निघालीं आहेत. त्या यंत्राला जें पुष्कळ दाखविलें गेलें तेंच तें पुन्हां दाखवितें, आणि आमचा पिंपळाचा पार त्याला दाखविला आहे कोणीं?

आम्ही उदाहरणें देऊनच बोलतों. २०२४ सालीं आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट निघाला. न्यायानें सांगावयाचें तर त्याच्या कथेनें मुंजाचें कारण टाकलेलें नाहीं. मुंजीनंतर लौकरच मेलेला मुलगा, त्याचें झाड आणि त्याची अतृप्त इच्छा, हीं सर्व तींत आहेत. परंतु पडद्यावर संगणकानें उभें केलेलें तें वाळकें शरीर, ते मोठाले डोळे आणि ते विचकलेले दांत पाहिले कीं आम्हांला इंग्रजी चित्रपटांतल्या गॉलमची आठवण होते. मेलेल्या बटूची होत नाहीं. कथेला जें ठाऊक होतें तें चित्राला ठाऊक नव्हतें. २०२० सालीं नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘बेताल’ या मालिकेंत तर भुयारांतून लाल डगल्यांची गोरी पलटण प्रेतें होऊन बाहेर पडते. वेताळाला सैन्य असतें ही आपली जुनी कल्पना. आणि तिच्यांतून किती सुंदर चित्र निघालें असतें! पण हातीं आलीं तीं अमेरिकन चित्रपटांतलीं चालतीं प्रेतें. शिवेची राखण करणारा आमचा वेताळ तेथें नांवापुरता उरला.

आमचा राग परकेपणावर आहे, असा कोणीं गैरसमज करून घेऊं नये. २०१८ सालच्या राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मधील हस्तर पाहावा. असा देव आमच्या कोणत्याहि पुराणांत नाहीं, आणि त्याचें नांवहि इंग्रजी भयकथांतील एका नांवाशीं जुळतें. तरी तो परका वाटत नाहीं. कां? त्याला जागा आहे, कोंकणांतला संततधार पाऊस आणि पडका वाडा ही; त्याला मागणें आहे, अन्नाचें, म्हणून कणकेच्या बाहुलीला तो भुलतो; आणि त्याच्या लंगोटींत सोन्याच्या मोहरा आहेत, म्हणजे पाहणाराच्या लोभाची खूण त्याच्या अंगावरच आहे. नवें भूत घडवावें तर असें घडवावें. उलट आमचा चकवा पाहा. शेतांतून घरीं निघालेला माणूस रात्रभर त्याच त्या बांधावर फिरत राहतो, त्याला चकवा लागला असें आम्ही म्हणतों. चकव्याला मुळीं शरीरच नाहीं. चित्रकार त्याला शिंगें आणि दांत देतात, आणि त्या क्षणीं चकवा नाहींसा होतो. चकव्याचें चित्र काढावयाचें असेल तर वाट काढावी: कपाशीचें शेत, त्यांतून जाणारी आणि आपल्याच आरंभाला येऊन मिळणारी वाट. अशी भीति काढण्यास धैर्य लागतें. दांत काढण्यास तें लागत नाहीं.

बाहेरच्या जगांतहि हाच नियम चालतो. जर्मन लोककथांत कोबोल्ड नांवाचें एक भूत आहे. तें घरांत चुलीपाशीं अगर खाणींत राहतें; कोबाल्ट या धातूचें नांवहि त्याच्याच नांवावरून पडलें, कारण चांदीच्या खनिजाच्या जागीं ही निरुपयोगी माती ठेवून तें आपल्याला फसवितें, असें खाणकामगार मानीत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ सालच्या अमेरिकन खेळानें त्याला आपल्या राक्षसगणांत ओढिलें. पुढें त्या खेळाच्या चित्रांत त्याला कुत्र्याचें तोंड आलें. जपानी खेळांत तो कुत्राच होऊन बसला. आणि २००० सालच्या आवृत्तींत त्याच अमेरिकन खेळानें त्याला सरडा केलें. कुत्रा कां आणि सरडा कां, याला उत्तर नाहीं, कारण चूल आणि खाण आधींच सुटली होती. जो घर हरवून बसला त्याच्या धडावर कोणतेंहि डोकें बसतें. उलट जपानांतल्या कप्पा या जलभुताकडे पाहावें. तोरियामा सेकिएन् यानें १७७६ पासून भुतांचे सचित्र ग्रंथ काढिले, आणि आमच्या काळांत मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) यानें त्यांच्या चित्रकथा केल्या. त्याच्या साकाईमिनातो या गांवांत तर अशा भुतांचे शंभरांहून अधिक कांस्य-पुतळे रस्त्याच्या कडेला उभे आहेत. कप्पा कोठें बेडकासारखा, कोठें कांसवासारखा, कोठें बालकासारखा दिसतो. परंतु त्याच्या डोक्यावरची पाण्याची वाटी सहसा सुटत नाहीं. ती सांडली कीं त्याचें बळ गेलें. चेहरे अनेक, वाटी एक. म्हणूनच जपानी मूल कप्पा चटकन् ओळखतें, आणि आमच्या मुलाला हडळ व जखीण यांतला भेद सांगतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, हा सगळा पंडितांचा शौक झाला. मुलानें हडळ ओळखिली नाहीं तर काय बिघडलें? बिघडतें तें ऐकावें. उलटीं पावलें कोणाहि जिवंत बाईचीं नसतात. पोकळ पाठ कोणाहि जिवंत बाईची नसते. लोककथेनें हडळीला ज्या खुणा दिल्या त्या जिवंत माणसाच्या अंगीं असूं शकत नाहींत. आजचा चित्रकार ‘हुबेहूबपणा’च्या नांवाखालीं त्या खुणा टाकतो, आणि त्यांच्या जागीं काय घालतो? सुरकुतलेला काळा चेहरा, पडलेले दांत, पिंजारलेले पांढरे केस, फाटकें लुगडें, अनवाणी पाय. वाचकांनीं क्षणभर विचार करावा कीं, ही कोण आहे? ही आपल्या गांवच्या वेशीजवळ एकटी राहणारी निराधार म्हातारी आहे. लोककथेंतली हडळ मेलेली असते, आणि डाकीण म्हणून जिचा छळ होतो ती बाई जिवंत असते, हा जो जीवनमरणाचा भेद तो या चित्रांनीं पुसून टाकिला आहे. सातपुड्याच्या खेड्यापाड्यांतून बायकांना डाकीण ठरवून त्यांचे हाल केल्याच्या वार्ता या शतकांतहि आलेल्या आहेत. तसें करणारांनीं कोणाचीं पावलें उलटीं आहेत कां हें कधीं पाहिलें नव्हतें. त्यांनीं पाहिलें तें वय, एकटेपण आणि दारिद्र्य. मग चित्रकारानेंहि तेंच पाहावें काय? ज्या चेहऱ्याला भिऊन मूल पांघरुणांत शिरतें, तो चेहरा उद्यां त्याला दळणाच्या गिरणीपाशीं दिसणार आहे, याची जबाबदारी कोणाची?

या कसोटीवर आमची परंपराहि प्रत्येक ठिकाणीं उतरत नाहीं, हें आम्ही स्वच्छ सांगतों. खवीस हें नांव अरबी ‘खबीस’ म्हणजे दुष्ट या शब्दावरून आलें, आणि परधर्मी अगर हबशी माणसाच्या भुताला तें लाविलें गेलें. त्याचें काळें अंग आणि जाड ओंठ या खुणा मरणाच्या कारणाच्या नव्हेत. शेजाऱ्याच्या द्वेषाच्या आहेत. तशा खुणा खुशाल टाकाव्या. १९६७ पासून निघालेल्या ‘अमर चित्र कथा’च्या पानांवर राक्षस म्हटला कीं काळाकभिन्न, ही जी रीत दिसते, तिच्यावर जाणत्यांनीं टीका केलेली आहे, आणि ती रास्त आहे. नियम दोहों बाजूंनीं सारखाच लागूं करावा. जी खूण मृताची कहाणी सांगते ती ठेवावी. जी जिवंत माणसाच्या जातीवर, रंगावर, वयावर अगर व्यंगावर बोट ठेविते ती परंपरेची असली तरी टाकावी.

राहिला विवेकवादी मित्रांचा आक्षेप. ते विचारतात, भुतें नाहींत म्हणतां, तर त्यांचीं चित्रें हवींत कशाला? त्यांच्या कार्याविषयीं आम्हांला पूर्ण आदर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यास खून झाला, आणि त्याच सालीं आपल्या राज्यानें जादूटोणाविरोधी कायदा केला; भूत उतरविण्याच्या निमित्तानें माणसाला मारझोड करणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. परंतु मित्रहो, भूत चित्रांतून काढून टाकिल्यानें मनांतून जात नाहीं. हॅम्लेटच्या बापाचें भूत चिलखत घालून रंगभूमीवर येतें, तें पाहून कोणी मांत्रिकाकडे धांवत नाहीं. प्रेक्षक विचारतो, या राजाला मारिलें कोणीं? कारण असलेलें भूत प्रश्न विचारावयास लाविते. हडळीची गोष्ट ऐकून मुलीनें विचारावें, “आजी, ती बाळंतपणांत मेली कां? तिला दवाखान्यांत कां नेलें नाहीं?” हा प्रश्न म्हणजे विवेकाचा आरंभ होय. कारण नसलेलें भूत मात्र नुसतें भिवविते, आणि नुसत्या भीतीवरच भगताचा आणि मांत्रिकाचा धंदा चालतो. तेव्हां विवेकवाद्यांनीं भुताशीं भांडूं नये, निष्कारण भुताशीं भांडावें.

आमचें मागणें फार नाहीं. चित्रकारानें कुंचला अगर यंत्र हातीं घेण्यापूर्वीं आपल्या भुताला तीन प्रश्न विचारावे: तूं राहतोस कोठें, मेलास कशानें, आणि मागतोस काय? तीन उत्तरें मिळालीं कीं पुढें त्याच्यावर कोणाचीहि सत्ता नाहीं. त्यानें मुंजाला गोरा काढावा, सांवळा काढावा, रडका काढावा, खट्याळ काढावा. प्रकाशकांनीं आणि चित्रपटवाल्यांनीं हीं उत्तरें नसलेलें चित्र परत पाठवावें. आणि सुशिक्षित कुटुंबांनीं, ज्यांच्या घरीं अजून एखादी वऱ्हाडी बोलणारी आजी अगर आजोबा आहेत त्यांनीं, आपल्या गांवचीं भुतें वहींत उतरून घ्यावीं: नांव, झाड, पाणी, वाट, कारण, मागणें. चेहरा लिहिला नाहीं तरी चालेल. पुष्कळदां आजीला तो ठाऊकहि नसतो. ज्या मुलाची मुंज झाली आणि सोडमुंज झाली नाहीं, त्याला गांवानें निदान एक पिंपळ दिला होता. आमच्या चित्रकारांनीं त्याला शंभर चेहरे द्यावे. तो पिंपळ मात्र त्याच्यापासून काढून घेऊं नये.